खेळाडू मेला कशाने?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा कामगार चळवळीवर काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला 'रहस्यकथा'. त्यानंतर दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः आले आणि जरा चाचरत म्हणाले, "साहेब, विषय चांगला आहे, पण आपण त्यावर काय बोलणार?" त्यांची शंका रास्त होती. माझी शाळा नववीत सुटली. साहित्याचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा मला काही अधिकार नाही. पण युनियनच्या कामात मयताच्या भरपाईचे दावे चालवावे लागतात, आणि त्यात 'माणूस मेला कशाने?' हा प्रश्न मी गेली तीस वर्षे विचारीत आलो आहे. हा प्रश्न विचारायला मला कोणा वकिलाने शिकवले नाही. तो मी शिकलो लालबागच्या एका जिन्याखालच्या वाचनालयातून, दोन दिवसांना दहा पैसे भाडे देऊन.

त्या वाचनालयात कपाट एकच होते आणि त्यातले तीन खण बाबूराव अर्नाळकरांनी व्यापलेले होते. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे ह्या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना नव्याने सांगायला नकोत. अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. दिवसा लोकांच्या डोळ्यांना काचा बसवायच्या आणि उरलेल्या वेळात त्याच लोकांना रात्रभर डोळे फोडायला लावायचे, असा त्यांचा दुहेरी धंदा! १९९६ साली ते वारले तोवर हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांच्या नावावर जमा झाल्या होत्या. इंग्रजी रहस्यकथांचा आधार त्यांनी सढळपणे घेतला, हे कोणी नाकारीत नाही. समीक्षकांनी त्यांना ओटीवरसुद्धा उभे केले नाही. ते करोत बापडे. पण आमच्या चाळीत तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस सकाळी दाढी करायच्या आधी झुंजारचे पान उघडीत असे, ही गोष्ट कुठल्याही वाङ्मयेतिहासात नसली तरी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

गिरणीतल्या माणसाला ह्या पुस्तकांचे एवढे वेड का असावे? करमणूक हे एक कारण झालेच. पण मला दुसरेही एक दिसते. रहस्यकथेत एखादा माणूस मेला की सगळे जग थांबते. पोलीस येतात, डॉक्टर येतो, गुप्तहेर येतो; त्याने शेवटचा चहा कोणाबरोबर घेतला इथपासून चौकशी होते. आमच्याकडे माणूस मेला की वर्गणी निघे, चार जण खाडा करीत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी बदलीवाला उभा राहत असे. एका माणसाच्या मरणाला दोनशे पाने मिळतात, ही कल्पनाच आमच्या लोकांना राजेशाही वाटत असली पाहिजे.

आता ह्या जातीच्या गोष्टींतला एक खास प्रकार घेतो, कारण मला पुढे जे सांगायचे आहे त्याचा धागा तिथे आहे. इंग्रज लेखकाला खेळाडूचा मृत्यू फार प्रिय. म्हातारा जमीनदार मेला तर वयाकडे बोट दाखवता येते, दारुडा मेला तर बाटलीकडे. पण काल मैदानावर धावत होता तो माणूस आज पडला, म्हणजे वाचक आपणहून विचारतो की हे झाले कसे? धडधाकट शरीर हाच तिथे पहिला पुरावा असतो.

लेनर्ड ग्रिबल नावाच्या लेखकाची १९३९ सालची कादंबरी आहे, लंडनच्या आर्सेनल फुटबॉल संघाच्या मैदानावरच्या रहस्याची. आर्सेनलचा सामना हौशी खेळाडूंच्या एका संघाशी चालू आहे. हजारो प्रेक्षक बसलेले आहेत. आणि त्या हौशी संघातला डॉयस नावाचा नवा खेळाडू खेळता खेळता कोसळतो. विषप्रयोग! स्कॉटलंड यार्डचा स्लेड नावाचा इन्स्पेक्टर चौकशीला येतो. त्याच साली ह्यावर बोलपटही निघाला आणि त्यात आर्सेनलचे खरेखुरे खेळाडू उतरले होते. म्हणजे आपल्याकडे एखाद्या रहस्यपटात शिवाजी पार्कच्या मैदानावर खरी मुंबईची रणजी टीम उतरवावी, तसा प्रकार. त्या चित्रपटात मैदानावरची जी दृश्ये दिसतात ती आर्सेनल आणि ब्रेंटफर्ड ह्यांच्या मे १९३९ मधल्या खऱ्या सामन्याची. चार महिन्यांत महायुद्ध सुरू झाले.

आर्थर कॉनन डॉइल तर स्वतःच पक्का खेळाडू. तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता आणि क्रिकेटमध्ये १९०० साली त्याने खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेसला बाद केले होते. भालबा केळकरांनी ज्याला मराठीत आणले त्या शेरलॉक होम्सच्या गोष्टींत खेळ वरचेवर येतो. एका गोष्टीत केंब्रिजचा रग्बी खेळाडू ऑक्सफर्डशी होणाऱ्या सामन्याच्या तोंडावर नाहीसा होतो. सगळ्यांना वाटते की पैजेवाल्यांनी पळवला. अखेर होम्सला तो सापडतो तो एका खेड्यातल्या खोलीत, क्षयाने नुकत्याच गेलेल्या आपल्या बायकोच्या उशाशी. खून नाही की कट नाही. मी ही गोष्ट वाचली तेव्हा शिवडीच्या क्षयरुग्णालयाकडे जाणारी बस आमच्या नाक्यावरून सुटत असे. त्यामुळे त्या इंग्रज पोराचे मला फार वाईट वाटले.

दुसरी गोष्ट 'सिल्व्हर ब्लेझ' ह्या शर्यतीच्या घोड्याची, १८९२ सालची. हा घोडा मोठ्या शर्यतीआधी बेपत्ता होतो आणि त्याला तयार करणारा जॉन स्ट्रेकर माळरानावर डोके फुटून मरून पडलेला सापडतो. महालक्ष्मीच्या वाऱ्या करणाऱ्या आमच्या काही कामगार बंधूंना ह्या गोष्टीत वेगळाच रस वाटे, तो भाग सोडा. पहारा करणाऱ्या पोराला जेवणातून अफू दिलेली असते, आणि चव लपावी म्हणून त्या दिवशी मटणाचा रस्सा तिखट मसाल्याचा केलेला असतो. हिंदुस्थानी मसाल्याचा हा उपयोग फक्त इंग्रजालाच सुचावा! पण त्या गोष्टीतला जगप्रसिद्ध दुवा म्हणजे तबेल्यातला कुत्रा. त्या रात्री घोडा बाहेर नेला गेला आणि कुत्रा भुंकला नाही. पोलिसांच्या वहीत ही नोंदच नाही, कारण जे घडलेच नाही त्याची नोंद कोण करणार? होम्स मात्र तिथेच अडतो. कुत्रा गप्प राहिला म्हणजे घोडा नेणारा घरचाच माणूस असला पाहिजे. घोडा नेला होता स्ट्रेकरनेच, त्याची नस छेदून त्याला लंगडा करण्यासाठी, आणि घोड्याच्या लाथेने तो मेला. हा न भुंकलेला कुत्रा आपण लक्षात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

ह्या झाल्या रचलेल्या कथा. खऱ्या आयुष्यात अशी चौकशी झाली ती २००७ साली, आणि ती आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचलेली आहे. बॉब वुल्मर हा इंग्लंडचा माजी कसोटीपटू. १९४८ साली त्याचा जन्म झाला तो कानपुरात, म्हणजे आपल्यासारख्याच गिरण्यांच्या गावात. विश्वचषकाच्या वेळी तो पाकिस्तानच्या संघाचा प्रशिक्षक होता. १७ मार्च २००७ रोजी जमैकातल्या किंग्स्टनला पाकिस्तान आयर्लंडकडून हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वुल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला आणि थोड्याच वेळात मरण पावल्याचे जाहीर झाले. वय ५८. चार दिवसांनी पोलिसांनी सांगितले, गळा दाबून खून. चौकशीचा प्रमुख मार्क शील्ड्स हा पूर्वाश्रमीचा स्कॉटलंड यार्डचा माणूस. पराभूत संघाच्या खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेतले गेले. सट्टेवाल्यांची नावे निघाली. विषाची शंका आली, नमुने इकडून तिकडे तपासायला गेले. रहस्यकथेत जे जे लागते ते सगळे तिथे हजर होते.

आणि मग इंग्लंडहून आलेल्या शवचिकित्सकाने कागदपत्रे पुन्हा पाहिली. गळ्यातले जे हाड मोडले म्हणून खून ठरवला होता, ते मोडलेले नव्हतेच. १२ जूनला पोलिसांनी जाहीर केले की मृत्यू नैसर्गिक होता. तरीही पहिल्या शवचिकित्सकाने आपले मत सोडले नाही, आणि नोव्हेंबरात न्यायचौकशीतल्या ज्यूरीने कौल दिला तो असा की खून म्हणता येत नाही आणि नैसर्गिक म्हणूनही सांगता येत नाही, प्रश्न खुला राहतो. एका माणसाच्या मरणासाठी तीन देशांचे पोलीस, अनेक डॉक्टर आणि आठ महिने खर्ची पडले. लोक त्यावर हसले. मी हसलो नाही. चुकीची का होईना, चौकशी झाली. ती झाली म्हणून तर चूक सापडली.

आता मी लालबागला येतो.

आमच्या चाळीत एक खेळाडू होता. त्याचे नाव सांगत नाही, त्याची माणसे हयात आहेत. आम्ही पोरे त्याला दादा म्हणत असू. लालबागच्या एका गिरणीत तो कार्डिंग खात्यात कामाला होता आणि कबड्डीत आमच्या मंडळाचा पहिला चढाईपटू. जुनी माणसे अजून हुतुतू म्हणत, आणि हुतुतूत सगळा खेळ दमाचा हे आपण जाणताच. छातीत हवा भरायची, मध्यरेषा ओलांडायची, तोंडाने अखंड 'कबड्डी कबड्डी' चालू, दम तुटला की बाद. दादाचा दम असा की पंच त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐके, मध्येच चोरून श्वास घेतला की काय म्हणून. रात्रीचे सामने दिव्यांच्या उजेडात होत. मी सात-आठ वर्षांचा, रस्सीला लटकून पाहत असे. चौघांनी धरलेला असताना तो दम न सोडता रेषेपर्यंत सरपटत आलेला मी पाहिला आहे. त्या वेळी त्याचे वय पस्तिशीच्या पुढे होते.

त्यानंतर तीन वर्षांत तो खेळायचा थांबला. मग जिना चढताना मधल्या वळणावर उभा राहू लागला. १९८१ सालच्या सुरुवातीला आजारपणाची रजा टाकून बायकोमुलांसह रत्नागिरीकडच्या आपल्या गावी गेला आणि मे महिन्यात तिकडेच वारला. वय ४१. चाळीत पत्र आले ते आठ दिवसांनी.

मी तेव्हा अकरा वर्षांचा, अर्नाळकर प्यायलेला. मला तो खून वाटला. गॅलरीत होणाऱ्या बोलण्यांतून मी संशयितांची यादी तयार केली आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली. पहिला संशय करणीचा. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाला दादाने सलग दोनदा हरवले होते आणि त्यांच्यापैकी कोणीतरी अमावास्येला लिंबू टाकले, असे बायका बोलत. दुसरा संशय विडीचा. पण दादा विडी ओढीत नसे, व्यायामशाळेचा नेम होता. तिसरा संशय क्षयाचा. त्याला म्हणून शिवडीला नेलेही होते, आणि थुंकी तपासून 'क्षय नाही' असे सांगून घरी पाठवले होते. चौथा संशय, आणि बहुतेक थोर माणसांचे मत ह्यावरच पडले, तो खुद्द खेळावर. "एवढा दम कोंडून धरायचा म्हणजे छाती फुटणारच," असे माझे वडील म्हणाले, आणि मंडळात माझे नाव घालायचे त्यांनी रद्द केले. त्या एका निकालामुळे मी कबड्डी खेळलो नाही. खेळलो असतो तर युनियनमध्ये आलो नसतो असेही काही लोक म्हणतील.

गिरणीचा संशय यादीत नव्हता. कोणाच्याच यादीत नव्हता. माझे वडीलही त्याच गिरणीत, साचाखात्यात होते. पेळूच्या खात्यातून येणाऱ्या माणसाच्या भुवया पांढऱ्या असतात, तो सुटल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकतो म्हणजे धूळ पोटात उतरते, ह्या गोष्टी आम्हाला नळाच्या पाण्याइतक्या रोजच्या होत्या. तबेल्यातल्या कुत्र्याने घरच्या माणसावर काय भुंकावे?

पुढच्या जानेवारीत, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मग काय झाले हा आजचा विषय नव्हे. एवढेच सांगतो की त्या धुमाळीत कबड्डीच्या एका खेळाडूचे मरण कोणाच्या लक्षात राहणे शक्य नव्हते, आणि माझीही वही हरवली.

ती मला आठवली १९९८ च्या सुमारास. मी तेव्हा युनियनचे पूर्ण वेळ काम करीत होतो. एका सफाई कामगाराच्या दम्याचा दावा होता. त्याच्या धुळीचा आणि आजाराचा संबंध कसा दाखवावा ह्याची माहिती काढत मी परळला एका डॉक्टरांकडे बसलो होतो. त्यांनी मला कागदाचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "हे कापसाच्या धुळीचे आहे, तुमच्या कामाचे नाही, पण तुम्ही गिरणगावातले, वाचून ठेवा." शब्दकोश घेऊन तीन रात्री वाचले. त्यात मला दादाची केस सापडली.

रोगाचे नाव बिसिनोसिस. कापूस, ताग, अंबाडी ह्यांच्या धुळीने फुप्फुसे धरतात. लँकेशरच्या गिरण्यांतल्या कार्डिंग खात्यांत रिचर्ड शिलिंग नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९५० च्या दशकात ह्याचा पाठपुरावा केला. मी त्याला माझ्या मनाने स्कॉटलंड यार्डात भरती केला आहे. कारण हा रोग ओळखायचा तर क्ष-किरणाच्या चित्रात विशेष काही दिसत नाही, थुंकीत जंतू सापडत नाहीत. जुनाट खोकल्यासारखाच दिसतो. मग ओळखायचा कसा? कामगाराला एकच प्रश्न विचारायचा, की छाती कोणत्या वारी भरते? सुरुवातीच्या वर्षांत ह्या रोगात छाती सोमवारी आवळते. रविवारची सुट्टी झाली की धुळीशी पुन्हा पहिली गाठ पडते ती सोमवारी, आणि शरीर त्याच दिवशी तक्रार करते. मंगळवारी, बुधवारी ती कमी होते. वर्षे गेली की सोमवारबरोबर मंगळवारही धरला जातो, मग सगळा आठवडा, आणि मग सुट्टीतही सुटका नाही. शिलिंगने रोगाच्या पायऱ्या ठरवल्या त्या ह्या वारांवरूनच. साधा वार हा पुरावा! तो कामगाराच्या बायकोला ठाऊक असतो, जॉबरला ठाऊक असतो, फक्त केसपेपरवर लिहिलेला नसतो.

इंग्लंडात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कार्डिंग खात्यात वर्षे काढलेल्या कामगारांसाठी ह्या रोगाबद्दल सरकारी मदतीची योजना निघाली होती. आपल्याकडे मात्र हा रोग जवळजवळ नाहीच, अशी बरीच वर्षे समजूत होती. मुंबईत पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ ची. लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या तीच धूळ खात आली, आणि रोग नाही! हा आपला न भुंकलेला कुत्रा. कुणीतरी तिथे अडायला हवे होते. तसे अडणारे निघाले, आणि तेही परळलाच. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांना पाच वर्षे पुन्हा पुन्हा तपासून बिसिनोसिस आणि नेहमीचा जुनाट श्वासविकार ह्यांत फरक कसा करायचा ते शोधले. तो निबंध अमेरिकेतल्या फुप्फुसरोगांच्या नियतकालिकात छापून आला १९८१ साली. दादा गेला ते साल! आमच्या चाळीपासून के. ई. एम. चालत पंधरा मिनिटांवर. लिंबू कोणी टाकले ह्याची चर्चा आम्ही गॅलरीत करीत होतो तेव्हा पंधरा मिनिटांवर गुप्तहेर बसलेला होता आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

रोग 'नाही' असे वाटण्याचे एक कारण मला त्या कागदांत नव्हे, आमच्या चाळीतच सापडले. गिरणीत जाऊन तपासणी करणाऱ्या डॉक्टराला कोण भेटणार? जो कामावर आला आहे तो. ज्याची छाती गेली तो राजीनामा देऊन, नाहीतर रजा टाकून, मुलखाला गेलेला. आमच्या कोकणातल्या माणसाने मुंबईत राबायचे आणि मरायला गावी जायचे, ही शंभर वर्षांची रीत. रहस्यकथेत खुनी प्रेत दडवायला किती खटाटोप करतो! इथे प्रेत स्वतः तिकीट काढून, वळकटी घेऊन, एस. टी. त बसून निघून जात होते.

कागद वाचून झाल्यावर मला एकच गोष्ट आठवेना, आणि ती आठवल्याशिवाय झोप येईना. वार. मग मी मंडळाच्या जुन्या खेळाडूंना गाठले. दोघे तिघे अजून काळाचौकीला होते. मी मुद्दाम सोमवारचे नाव काढले नाही. साक्षीदाराला उत्तर सुचवायचे नसते, एवढे वकिलांकडून शिकलो होतो. मी विचारले, दादा शेवटी शेवटी कसा खेळे? एकजण म्हणाला, "सामन्याला वाघ. सामने रविवारी असायचे. पण सरावाला टंगळमंगळ. आठवड्याच्या पहिल्या दिवशी तर चढाईच करायचा नाही, नुसती पकड. आम्ही म्हणायचो, रविवारी हार गळ्यात पडला म्हणून सोमवारी माज आला."

रविवारी वाघ आणि सोमवारी नुसती पकड. बिचाऱ्याला माज आला असे ते वीस वर्षे समजत होते.

२००४ साली एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या बाजूला गेलो आणि वाट वाकडी करून दादाच्या घरी गेलो. वहिनींनी मला ओळखले नाही. वडिलांचे नाव सांगितले तेव्हा चहा टाकला. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर मरणाचे कारण म्हणून एकच शब्द होता, 'दमा'. ज्याच्या दमावर पैजा लागत त्याच्या नावापुढे हा शब्द वाचताना मला कसेसेच झाले. वहिनींनी ट्रंक उघडली. तीन पेले, एक बिल्ला, मंडळाचा फोटो, आणि खाली फडक्यात बांधलेली हजेरीची कार्डे. बावीस वर्षे कार्डिंग खाते. त्यातली शेवटची काही वर्षे कार्डाच्या तारांत अडकलेला कचरा काढायचे काम, म्हणजे त्या खात्यातले सगळ्यात धुळीचे.

मी हिशेब केला. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीने होणारा हा विकार आलेला होता, पण दावा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत लावावा लागे. दोन वर्षे १९८३ ला संपली. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना असे. पण शवचिकित्सा नाही, फुप्फुसाची चाचणी नाही, गिरणी बंद, दप्तर कुठे ते कोणाला ठाऊक नाही, आणि पुरावा काय तर एका जुन्या खेळाडूची सोमवारची आठवण. प्रामाणिकपणे सांगायचे तर मीसुद्धा आज शपथेवर म्हणू शकत नाही की दादा बिसिनोसिसनेच गेला. किंग्स्टनच्या ज्यूरीने जो कौल दिला त्यापलीकडे मलाही जाता येत नाही. फरक एवढाच की त्यांनी सगळे तपासून प्रश्न खुला ठेवला, आणि आमचा मुळात कोणी उघडलाच नव्हता.

वहिनींना मी हे सगळे सोप्या भाषेत सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोमवारचा डबा परत यायचा. भाकरी तशीच. मी म्हणायची, रविवारी मंडळात खाल्लं असेल." आणि थोड्या वेळाने, "तेव्हा कुणी विचारलं नाही रे."

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. तिशीतला, बापासारखाच रुंद खांद्याचा. भिवंडीला यंत्रमागावर होता आणि सुट्टीला आला होता. त्याला मी समोर बसवले, वही काढली आणि विचारले, छाती कधी भरल्यासारखी वाटते का? तो म्हणाला, "कधी कधी." मी घाईघाईने विचारले, "सोमवारी?" साक्षीदाराला उत्तर सुचवायचे नाही हा माझा नियम मीच मोडला. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "नाही काका, सोमवारी नाही. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची असते. त्याच्या दुसऱ्या दिवशी जरा होतं."

मी वहीतला सोमवार खोडला आणि शनिवार लिहिला. पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन के. ई. एम. ला गेलो.